सिनेमा नको, रेकॉर्ड द्या

माझ्या कपाटात ज्या सिनेमांच्या रेकॉर्ड्स आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त सिनेमे मी पाहिलेले नाहीत, आणि पाहायची फारशी इच्छाही नाही. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "मग घेतेस कशाला?" प्रश्न रास्त आहे. कोथरूडच्या ज्या घरात पाहुण्यांच्या गाद्या ठेवायला जागा नाही, तिथे साठ-सत्तरच्या दशकातल्या इटालियन आणि फ्रेंच पिक्चरचं पार्श्वसंगीत उभं रचून ठेवलंय म्हटल्यावर घरच्यांना चेष्टेला कायमचा विषय मिळाला. नवरा त्या कपाटाला "रोमचं गोडाऊन" म्हणतो. आईचा आक्षेप वेगळा. तिचं म्हणणं, एवढे पैसे घालतेस तर निदान गाणी असलेलं तरी आण.

मला गाणी नकोच असतात. कुणीतरी जिना चढतंय, गाडीचा पाठलाग चाललाय, बाई खिडकीशी उभी आहे, असल्या प्रसंगांसाठी केलेलं दोन-अडीच मिनिटांचं वाजवणं मला हवं असतं. प्रसंग बाजूला काढला की ते संगीत मोकळं होतं. एका ब्राझिलियन बॉसा नोव्हाच्या अंगाने जाणाऱ्या फार गोड रेकॉर्डचा पिक्चर मी हौसेने शोधून पाहिला, तर त्या धूनवर भडक गाऊन घातलेली एक नटी रबराच्या सुऱ्याने मरत होती. आता ती रेकॉर्ड लावली की सुरा दिसतो.

त्या काळात रोममध्ये पिक्चर धडाधड निघत. घोडे-पिस्तुलवाले वेस्टर्न, 'जालो' नावाचे खुनाचे भडक रहस्यपट, जेम्स बाँडच्या नकला, चावट विनोदी. एक चालला की मागोमाग त्याच वळणाचे वीस. सगळ्यांना संगीत हवं, आणि तेही काही आठवड्यांत. गंमत म्हणजे हे घाईचं काम करायला बसलेली माणसं चांगली तालमीत तयार झालेली होती. एन्निओ मोरिकोने (१९२८-२०२०) आणि ब्रूनो निकोलाई हे दोघेही रोमच्या सांता चेचिलिया संगीत विद्यालयातले, गोफ्रेदो पेत्रास्सीचे शिष्य. पिएरो उमिल्यानी जॅझवाला. १९५८ च्या 'इ सोलिती इन्योती'ला त्याने जॅझ दिलं, आणि त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये पुढे खुद्द अमेरिकन जॅझवादक चेट बेकर ट्रम्पेट वाजवून गेला. याच उमिल्यानीचं 'मा ना मा ना' तुम्ही नक्की ऐकलंय, लहान मुलांच्या कार्यक्रमात मपेट्सनी नाचून नाचून जगभर नेलं ते. मूळचं ते १९६८ च्या एका इटालियन पिक्चरमधलं आहे. तो पिक्चर स्वीडनमधल्या 'मोकळ्या' आयुष्यावरचा, आणि मुलांना दाखवण्यासारखा अजिबात नाही.

पिक्चर जितका टुकार तितका संगीतकार मोकळा, असं माझं मत आहे. मोठा दिग्दर्शक शेजारी बसून हे काढ, ते घाल करतो. तिसऱ्या दर्जाच्या रहस्यपटाच्या दिग्दर्शकाला संगीत वेळेवर आलं तरी पुष्कळ असायचं. त्यामुळे फझ (घरघरत्या आवाजाची) गिटार, हार्पसिकॉर्ड, चर्चचा ऑर्गन, बाईचा निःशब्द आलाप आणि बोंगो, असं सगळं एकाच तुकड्यात घालून बघायची मुभा मिळायची. कुणी अडवायला नव्हतं.

दुसरं कारण व्यवहाराचं. संगीताचा खर्च पुष्कळदा निर्मात्याऐवजी संगीत-प्रकाशक उचलायचे आणि बदल्यात हक्क स्वतःकडे ठेवायचे. रोमची 'काम' (CAM) ही त्यातली मोठी कंपनी. सिनेवॉक्स, बीट रेकॉर्ड्स ही आणखी काही नावं. संगीत रेडिओ-टीव्हीवर वाजलं की रॉयल्टी यायची. म्हणून काही रेकॉर्ड्स दुकानात विकायला काढल्याच नाहीत. थोड्या प्रती छापून रेडिओवाल्यांना, कार्यक्रम करणाऱ्यांना वाटल्या, बस. आज ज्यांच्यासाठी लोक पगार उधळतात त्या प्रतींचा जन्म हा असा, धंद्यातलं कागदपत्र म्हणून झालेला आहे. कव्हरवर ना नटीचा फोटो, ना पिक्चरचं पोस्टर. नुसतं कंपनीचं नाव आणि क्रमांक. मला ही कव्हरं फार आवडतात. आमच्या कंपनीच्या टेस्ट रिपोर्टची आठवण होते.

हो, मी चाकणला एका गिअरच्या कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर काम काय, तर पार्टवर ठोकलेले नंबर वाचायचे: हीट नंबर, बॅच, तारीख, इन्स्पेक्टरचा शिक्का. रेकॉर्ड्सचा नाद लागल्यावर लक्षात आलं की इथेही तेच चालतं. रेकॉर्डवरचं संगीत संपतं तिथून लेबलपर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी असते, तिला जमवणारे लोक डेड वॅक्स म्हणतात. त्या पट्टीवर मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो. आणि इटालियन रेकॉर्ड्सवर बहुतेकदा तारीखसुद्धा असते, दिवस-महिना-वर्ष, सरळ. बाकी देशांतल्या प्रतींचं साल ठरवायला लोक लेबलचा रंग, कव्हरची घडी, छापखान्याचं नाव असले पुरावे गोळा करत बसतात. इटलीवाल्याने तारीख ठोकूनच ठेवलीय. शिवाय लेबलवर सिआएचा, म्हणजे तिथल्या संगीतकार-लेखकांच्या हक्कसंस्थेचा, शाईचा गोल शिक्का असतो. त्या शिक्क्याच्या आकारावरून साल सांगणारे महाभाग इटलीत आहेत. आमच्या ऑडिटरांशी त्यांचं चांगलं जमेल.

कंपनीच्या कामाने ट्युरिनला जाणं होतं. तिथे पोर्ता पालात्सोच्या मागे, बोर्गो दोराच्या गल्ल्यांत शनिवारी 'बालोन' नावाचा जुना बाजार भरतो. ज्यांनी पुण्याचा जुना बाजार पाहिलाय त्यांना वेगळं समजावायला नको. नळाच्या तोट्या, देवाच्या तसबिरी, एका पायाची खुर्ची आणि मधेच रेकॉर्ड्सचं खोकं. एलपीच्या खोक्याशी गर्दी असते, कारण तिथे रॉक असतं. मी पंचेचाळीसच्या, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या, छोट्या तबकड्यांकडे जाते. त्या काळात पुष्कळ पिक्चरची एलपी निघालीच नाही, फक्त एक सिंगल निघाली: एका बाजूला मुख्य धून, मागच्या बाजूला दुसरी काहीतरी. ही मागची बाजूच मी आधी ऐकते. पुढच्या बाजूला निर्मात्याला हवं ते असतं, मागे संगीतकाराला हवं ते.

अशीच एक सिंगल आत्ता टेबलावर आहे. मोरिकोनेची, 'मेत्ती, उना सेरा आ चेना' (१९६९) या पिक्चरची. पाकीट पातळ, चकचकीत कागदाचं, वरच्या कोपऱ्यात कुणीतरी निळ्या बॉलपेनने आपली आद्याक्षरं लिहिलीत. पार्टीला नेलेली रेकॉर्ड आपलीच परत यावी म्हणून मुलं तेव्हा तशी लिहीत असणार. तबकडीचं मधलं भोक मोठं, ज्यूकबॉक्सच्या मापाचं. आपल्याकडच्या प्लेअरवर लावायची तर मधे प्लॅस्टिकची चकती घालावी लागते. तिरक्या उजेडात धरली की खाचांवर करडी झाक दिसते, म्हणजे जड सुईने खूप वाजलेली. विकणाऱ्याच्या भाषेत 'व्हीजी प्लस', म्हणजे 'व्हेरी गुड'च्याही वर. ग्रेडिंगबद्दल एवढंच म्हणेन की आमच्याकडे कुणी एवढ्या उदार मनाने पार्ट पास केले तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवतील. पण वाजायला लागली की करडी झाक विसरायला होते. आधी गिटार नि तालवाद्यांचा हलका झोका, आणि मग त्यावर बायकी आवाज, शब्दांशिवाय.

तो आवाज एड्डा देल्लोर्सोचा. खरं तर या एका नावापायी मी इतकं सगळं जमवलंय. १९३५ साली जेनोव्हात जन्मलेली ही गायिका. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये (१९६६) स्मशानात तो माणूस सोन्यासाठी वेड्यासारखा धावतो, तेव्हा मागे जो आवाज चढत जातो तो तिचा. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये (१९६८) रेल्वे स्टेशनवर नायिका उतरते, तिथलाही तिचाच. जगातल्या कोट्यवधी लोकांनी तिला ऐकलंय आणि त्यातल्या फार थोड्यांना तिचं नाव माहीत आहे. आईला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ती भाजी निवडत होती. जरा वेळाने म्हणाली, "शब्द नाहीत म्हणून काय झालं, बाई सुरात आहे. आणि दम बघ किती." आईकडून एवढं आलं म्हणजे भारतरत्नच.

हळूहळू मी कव्हरवर संगीतकाराचं नाव पाहायचं सोडून वाजवणाऱ्यांची नावं शोधायला लागले. ती सहसा नसतात. कव्हरवर नटनट्या, दिग्दर्शक, संगीतकार, संचालन कुणाचं, हे सगळं असतं. शीळ कुणी घातली हे नसतं. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मधली (१९६४) ती शीळ अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीची. हा गृहस्थ शीळ घालायचा, गिटार वाजवायचा, आणि 'इ कांतोरी मोदेर्नी' हा कोरसचा ताफा चालवायचा. एड्डा त्याच ताफ्यातली. वर सांगितलेलं 'मा ना मा ना' त्याने आणि त्याच्या बायकोने गायलंय. शिवाय तो सतारही वाजवायचा. सत्तरच्या आसपासच्या इटालियन रेकॉर्ड्समध्ये मधेच सतार झणझणते ना, ती ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही सतारियाला घाम फुटेल. मींड वगैरे भानगड नाही, तार छेडली आणि पुढे निघाले. पण मला ती सतार आवडते. तिला शास्त्रीय व्हायचंच नाही, तिला फक्त त्या खोलीत धूर पसरवायचाय. २०१७ साली अलेस्सांद्रोनी वारला, तो थेट नामिबियात.

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधली माउथ ऑर्गनची ती गळा दाबल्यासारखी धून फ्रांको दे जेमिनीने वाजवली. त्याने नुसतं वाजवलं नाही, बीट रेकॉर्ड्स हे लेबलही उभं केलं. वाजवणारा स्वतःच कंपनी काढतो तेव्हा निदान त्याचं नाव तरी कव्हरच्या मागे छापून येतं.

फ्रान्सबद्दल थोडक्यात, कारण तिथलं माझ्याकडे कमी आहे आणि जे आहे ते महाग पडलंय. फ्रेंचांनी साठच्या दशकात पिक्चरचं संगीत सात इंची ईपीवर काढलं, चार-चार तुकडे, जाड पुठ्ठ्याचं कव्हर आणि पुढे पिक्चरचा देखणा फोटो. मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरांत बरेचदा सालही मिळतं. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिसने डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसच्या स्टुडिओत एका रात्रीत, पडद्यावर पिक्चरचे तुकडे बघत बघत 'लिफ्ट टू द स्कॅफोल्ड'चं संगीत वाजवलं, ते युरोपात आधी दहा इंची रेकॉर्डवर आलं. ती मूळ प्रत मी काचेपलीकडून पाहिलीय, तेवढंच पुरे. माझा खरा जीव फ्रांस्वा द रुबेवर. संगीत विद्यालयात न गेलेला, घरीच मल्टिट्रॅक टेपरेकॉर्डर नि सिंथेसायझर मांडून बसणारा. 'ल सामुराई' (१९६७) त्याचं. समुद्रात डुबकी मारायचं वेड होतं, त्यातच १९७५ साली कॅनरी बेटांजवळ गेला, वय ३६. पुढच्या वर्षी त्याला सेझार हा फ्रेंच सिनेमाचा पुरस्कार मिळाला.

आता मूळ प्रत की रीइश्यू, म्हणजे नंतर नव्याने छापलेली प्रत, हा वाद. या वादात मला रस नाही. नव्वदच्या दशकात मिलानच्या ईझी टेम्पोने निवडक तुकड्यांचे संग्रह काढले नसते तर माझ्यासारखीपर्यंत यातलं काही पोचलंच नसतं. आता रोमची फोर फ्लाइज, सोनोर यांच्यासारखी छोटी लेबलं मूळ टेप शोधून काढतात. 'काम'चा दोन हजारांहून जास्त पिक्चरचा साठा शुगर या कंपनीने घेतला आणि 'काम शुगर' नावाने तो बाहेर काढायला सुरुवात केली. जुन्या एलपीत जेमतेम अर्ध्या तासाचं संगीत असे; नव्यात तेव्हा गाळलेलंही मिळतं. मी दोन्ही घेते. मूळ सिंगल मात्र मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेली, असते आणि तिचा आवाज अंगावर येतो, हे खरं आहे. बास थेट छातीत. पण एका मूळ प्रतीच्या पैशात दहा रीइश्यू येत असतील तर मी दहा घेईन, आणि मला कुणी दर्दी म्हटलं नाही तरी चालेल.

पुण्यात राहून हा नाद करायचा तर खरा शत्रू पावसाळा. कव्हरच्या आतल्या कागदाला बुरशी धरते, मग ती तबकडीवर पांढऱ्या ठिपक्यांनी उतरते. डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मखमली ब्रश, आणि खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. लाखेच्या जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका, त्या विरघळतात. जुनी जाड पीव्हीसीची पाकिटं टाकून द्या, त्यातून निघणाऱ्या वाफेने रेकॉर्डवर धुरकट डाग बसतात आणि ते जात नाहीत. आणि रेकॉर्ड्स उभ्या ठेवा. आमच्या आधीच्या कामवाल्या मावशींनी एकदा सगळ्या आडव्या रचून वर इस्त्रीचे कपडे ठेवले होते, त्या दिवशी मी घरात कुणाशीच बोलले नाही.

मावशी सोडा, मूळ विषयाकडे येते. वाजवणाऱ्यांची नावं कव्हरवर नसतात हे दुखणं आपल्याला नवं नाही. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी पिक्चर अक्षरशः उभे केले. सेबॅस्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. रेकॉर्डच्या लेबलवर मात्र संगीतकाराचं नाव. अलेस्सांद्रोनीबद्दल वाचायला लागले आणि मग मला या मंडळींबद्दल वाचावंसं वाटलं, क्रम उलटा झाला खरा.

आणि या दोन दुनिया जिथे प्रत्यक्ष भेटतात ती एक रेकॉर्ड आहे. १९६८ चा ब्रिटिश पिक्चर 'वंडरवॉल', संगीत बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं. बीटल्सच्या ॲपल कंपनीची ही पहिली एलपी. त्यातलं बरंचसं संगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झालं, फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्ही स्टुडिओत. स्टीरिओसाठी दोन ट्रॅकचं यंत्र मुंबईत नव्हतं, ते एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आणवलं. खोलीला ध्वनिरोधन यथातथा. हॅरिसनने पुढे सांगितलंय की संध्याकाळी ऑफिसं सुटली की जिन्यावरून लोक धडधडत उतरायचे आणि रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. फोर्टात नोकरी केलेल्या कुणालाही ती धडधड पाठ असेल. पुढे व्हीटीची लोकल गाठायची असते.

याच दिवसांत तिथे वाजवलेल्या संगीतावर हॅरिसनने नंतर आवाज चढवला आणि ते बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या सिंगलच्या मागच्या बाजूला आलं. पुन्हा मागची बाजू.

'वंडरवॉल'च्या कव्हरवर वादकांची नावं आहेत. इटालियन रेकॉर्ड्सची सवय असलेल्या माझ्यासारखीला हे बघूनच भरून आलं. संतूर शिवकुमार शर्मा, आडनावाला शेवटी एक जास्तीचा 'र' चिकटवून छापलेलं. तार शहनाई विनायक व्होरा. सतारीवर शंभू दास आणि इतर. हार्मोनियम आणि तबला तरंग रिजराम देसाद. आणि बासरी: एस. आर. केंकरे. गोव्याकडचं आडनाव, लंडनच्या कंपनीच्या रेकॉर्डवर, एका ब्रिटिश पिक्चरच्या बासरीसाठी. आईला नाव वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "केंकरे? मग ऐकायलाच हवं," आणि टीव्ही बंद केला. माझ्या कपाटातल्या रेकॉर्डसाठी टीव्ही बंद होण्याची ही पहिलीच वेळ.

माझ्याकडे याची नंतरची प्रत आहे, स्टीरिओ, आवाज स्वच्छ. हवी आहे ती १९६८ ची ब्रिटिश मोनो, ॲपलचं पहिलं छापील लेबल असलेली. कव्हर फाटकं चालेल, ओरखडे चालतील, मधे उडी मारत नसेल म्हणजे झालं. मुंबई-पुण्यात कुणाच्या काकांच्या माळ्यावर असेल, विकायची नसेल, तरी कळवा. डेड वॅक्सवरचे नंबर तेवढे वहीत उतरवून घेईन, आणि बासरी असलेली बाजू एकदा आपल्या प्लेअरवर लावायची परवानगी द्या.